जुन्या संगणकाला नवी हार्ड डिस्क

नेरळ स्थानकात दोन प्रकारचे लोहमार्ग पाहावयास मिळतात. एक मुंबईहून कर्जतकडे जाणारा. त्याच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. दुसरा १९०७ साली सुरू झालेला, माथेरानच्या छोट्या गाडीचा. त्याच्या रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर. दोन्ही रूळ लोखंडाचेच, तरी मुंबईच्या गाडीचा डबा माथेरानच्या मार्गावर चालविता येत नाही. तो डबा वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्याची चाके या रुळांशी जुळत नाहीत म्हणून.

चांगली वस्तू आणि जुळणारी वस्तू यांत फरक आहे. जुन्या यंत्राला नवा भाग जोडावयाचा असेल तेव्हा हा फरक विसरून चालत नाही. या लेखात आपण शाळेतील जुन्या संगणकाला नवी हार्ड डिस्क निवडताना तो कसा ध्यानात घ्यावा, हे पाहणार आहोत.

समजा, तुमच्या शाळेत २००९ साली घेतलेला एक संगणक आहे. कळ दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत तासिकेतील पाच-सात मिनिटे निघून जातात. डिस्कमधून अधूनमधून खरखर ऐकू येते. कोणी म्हणतो, “भंगारात द्या.” कोणी म्हणतो, “नवी हार्ड डिस्क बसवा, नव्यासारखा चालेल.” पालकांनी थोडी वर्गणीही जमविली आहे. शाळा कशेळे किंवा चौकसारख्या गावी असली, तर असा भाग आणण्यासाठी कर्जत, खोपोली, पनवेल किंवा थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जावे लागते. एवढे करून आणलेली डिस्क बसलीच नाही तर? शिवाय जुन्या डिस्कवर निकालपत्रके आहेत, विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत. त्या गेल्या तर त्या कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाहीत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपण पाच प्रश्न विचारू. ते दुकानदाराला नव्हे, आपल्या संगणकालाच विचारावयाचे आहेत.

हार्ड डिस्क करते काय?

वाचनालयात टेबल असते आणि कपाट असते. वाचताना पुस्तक टेबलावर घेतो. काम संपले की ते कपाटात जाते. संगणकातील रॅम हे टेबल होय. वीज गेली की ते रिकामे होते. हार्ड डिस्क हे कपाट. वीज गेली तरी त्यातील मजकूर राहतो. साध्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या असतात, त्यांवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो आणि एक इवलेसे टोक त्यांवरून फिरून चुंबकीय खुणा लिहिते व वाचते.

अशी पहिली डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज बोटाच्या पेरावर ठेवता येणाऱ्या मेमरी कार्डात याच्या हजारो पट मजकूर मावतो.

अलीकडे दुसरा प्रकारही सर्रास मिळतो. त्याला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काहीच नसते. मजकूर इलेक्ट्रॉनिक चिपांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठविला जातो.

पहिला प्रश्न : जोडणी जुळते का?

संगणकाचे कॅबिनेट उघडले की डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत गेलेली केबल दिसते. ती दोन इंच रुंद, फितीसारखी चपटी असेल आणि तिच्या टोकाला ४० टाचण्यांची जागा असेल, तर ती जुन्या ‘आयडीई’ पद्धतीची आहे. केबल अरुंद असून टोक जेमतेम करंगळीएवढे असेल, तर ती ‘सॅटा’ पद्धतीची. सॅटाचा प्रसार २००३ पासून होऊ लागला. एका पद्धतीची डिस्क दुसऱ्या पद्धतीच्या केबलला लागत नाही.

सॅटाच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांतून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट मजकूर जाऊ शकतो. येथे एक सोय आहे. तिसऱ्या पिढीची डिस्क दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डला लावली, तर दोघे आपसात ठरवून कमी वेगावर काम करतात. पहिल्या पिढीच्या काही मदरबोर्डांना मात्र हे ठरविणे जमत नाही आणि डिस्क दिसतच नाही. म्हणून फार जुन्या सॅटा मदरबोर्डाचा क्रमांक दुकानदाराला आधी सांगावा.

आणखी एक प्रकार म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी ‘एम-टू’ एसएसडी. तिला मदरबोर्डवर खास खाच लागते. ती खाच २००९ सालच्या मदरबोर्डवर असणार नाही. यांतल्या ‘एनव्हीएमई’ पद्धतीच्या पट्ट्या सर्वांत वेगवान असतात. पण त्या वेगाचा तुम्हांला काय उपयोग? जोडकार्ड आणून ती बसविली, तरी जुना संगणक बहुधा तिच्यावरून सुरू होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न : जागेत बसते का?

टेबलावरच्या संगणकातील डिस्कला साडेतीन इंची म्हणतात. तिची रुंदी सुमारे १०२ मिलिमीटर असते. लॅपटॉपमधील डिस्क अडीच इंची. तिची रुंदी सुमारे ७० मिलिमीटर. मोजपट्टी घेऊन रुंदी मोजाल तर साडेतीन इंच म्हणजे ८९ मिलिमीटर भरत नाहीत, म्हणून गोंधळू नका. साडेतीन इंची हे नाव मूळ फ्लॉपी डिस्कच्या मापावरून पडले व पुढे तसेच रूढ झाले.

सॅटाची एसएसडी बहुधा अडीच इंचीच मिळते. ती मोठ्या कॅबिनेटमध्ये बसविण्यासाठी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट मिळते. ती घ्यावयास विसरू नये. लॅपटॉपमध्ये जाडीही पाहावी लागते. साडेनऊ मिलिमीटरच्या जागेत सात मिलिमीटर जाडीची डिस्क पट्टी लावून बसते. सातच्या जागेत साडेनऊची कशी बसणार?

तिसरा प्रश्न : वीज कोणती लागते?

मुंबई भागात १९२५ साली विजेची गाडी धावू लागली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे कर्जतमार्गे पुण्यापर्यंतही हीच वीज होती. कालांतराने मध्य रेल्वेने टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणली. हा बदल चालू असताना एका मार्गावर दोन प्रकारची वीज होती आणि दोन्हींवर चालणारी खास एंजिने वापरावी लागली. एक प्रकार समजणारे एंजिन दुसऱ्या प्रकारच्या तारेखाली निरुपयोगीच.

संगणकातही तसेच आहे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट अशा दोन्ही पुरवठ्यांची गरज असते. चकत्या फिरविण्याचे काम १२ व्होल्टवर होते. अडीच इंची डिस्कला सहसा ५ व्होल्ट पुरतात. जुन्या पॉवर सप्लायमधून चार तारांचा मोठा पांढरा कनेक्टर येतो. त्यातील पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची आणि दोन काळ्या तारा परतीच्या. सॅटा डिस्कचा विजेचा कनेक्टर १५ टाचण्यांचा, चपटा असतो. तो तुमच्या पॉवर सप्लायला नसेल, तर जोडकेबल घ्यावी लागेल.

चौथा प्रश्न : एवढे मोठे आकडे संगणकाला लिहिता येतात का?

हा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोच सर्वांत फसवा आहे.

समजा, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांकासाठी तीनच चौकटी छापल्या आहेत. त्यांत ००० ते ९९९ असे एक हजार क्रमांक मावतील. आता १००५ क्रमांकाचा विद्यार्थी आला आणि त्याने शेवटचे तीनच अंक लिहिले, तर त्याची उत्तरपत्रिका ००५ क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या नावावर जाईल. दोघांच्या गुणांचा घोटाळा होईल.

डिस्कवरील मजकूर लहान लहान कप्प्यांत असतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक कप्पा ५१२ बाइटांचा धरतात. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या आयडीई पद्धतीत हा क्रमांक लिहिण्यास २८ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत ० किंवा १ एवढेच लिहिता येई. म्हणून एकूण कप्पे २ चा २८ वा घात, म्हणजे २६,८४,३५,४५६. त्यांना ५१२ ने गुणा. उत्तर येते १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट. त्याहून मोठी डिस्क लावली, तर पुढचा भाग दिसत नाही. काही संगणकांत तर क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होऊन नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो. १००५ चे ००५ झाले तेच येथे घडते. साधारण २००२ पासून २८ ऐवजी ४८ चौकटींचा क्रमांक वापरात आला आणि ही अडचण संपली.

परंतु दुसरी एक मर्यादा शिल्लक राहिली. डिस्कचे भाग कोठे सुरू होतात व केवढे आहेत, याची नोंद डिस्कच्या आरंभी असते. ‘एमबीआर’ नावाच्या जुन्या नोंदपद्धतीत त्यासाठी ३२ चौकटी आहेत. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, सुमारे २.२ टेराबाइट. ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीत ही अडचण नाही. पण साध्या बायॉसच्या जुन्या संगणकावर विंडोज जीपीटीच्या डिस्कवरून सुरू होत नाही. म्हणून अशा संगणकासाठी मुख्य डिस्क २ टेराबाइटच्या आतलीच घ्यावी.

येथेच आणखी एक शंका दूर करू. ५०० गिगाबाइटची डिस्क आणली, पण विंडोजमध्ये ४६५ च का दिसतात? दुकानदाराने फसविले का? नाही. डिस्क बनविणारे एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ५०,००० कोटीला या संख्येने भागा, सुमारे ४६५.७ येतील. माल तेवढाच, मापे दोन.

पाचवा प्रश्न : खरोखर वेग वाढेल का?

कोणी म्हणेल, “आमच्या मदरबोर्डची सॅटा जुनी, सेकंदाला ३०० मेगाबाइटांचीच. मग ६०० मेगाबाइटांची एसएसडी लावून पैसे फुकट का घालवावेत?” शंका योग्य वाटते. पण गणित करून पाहू.

साध्या डिस्कच्या चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो कप्पा टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतील. त्याआधी टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे ८ मिलिसेकंद धरा. एकूण १२ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. आता संगणक सुरू होताना विखुरलेले २०,००० लहान तुकडे वाचावयाचे आहेत असे समजा. २०,००० गुणिले १२ मिलिसेकंद म्हणजे २४० सेकंद, चार मिनिटे! एसएसडीला एक तुकडा काढून देण्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. तिचे काम २ सेकंदांत झाले. प्रत्यक्षात फरक एवढा मोठा दिसत नाही, कारण तुकडे काही प्रमाणात ओळीने वाचले जातात आणि इतर कामांनाही वेळ लागतो. पण तो सहज जाणवण्याइतका नक्कीच असतो.

पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात ते आठवा. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तो चढण्यासाठी गाडीच्या मागे जादा एंजिने लावावी लागतात. गाडीचा वेग कितीही असो, थांबण्यात गेलेला वेळ प्रवासात मिळविला जातोच. असा थांबा दर किलोमीटरला आला, तर वेगवान गाडीचा काय उपयोग? साध्या डिस्कची रखडपट्टी या थांब्यांमुळे होते. एसएसडी थांबेच काढून टाकते, म्हणून जुन्या मदरबोर्डवरही तिचा लाभ मिळतो.

मात्र रॅम फारच कमी असेल, टेबलच पाटीएवढे असेल, तर नुसते कपाट बदलून भागणार नाही. रॅमचा आकडाही पाहून ठेवा.

आता निवड करू

आपला २००९ सालचा संगणक पुन्हा पाहू. त्याच्यात साडेतीन इंची, १६० गिगाबाइटची सॅटा डिस्क आहे. बायॉस साधे आहे. दुकानदाराने तीन डिस्का पुढे ठेवल्या.

(१) साडेतीन इंची, ४ टेराबाइटची सॅटा हार्ड डिस्क. जोडणी जुळते, जागा जुळते, वीज जुळते. पण चौथ्या प्रश्नाशी अडते. थांबेही कायम राहतात.

(२) ५०० गिगाबाइटची एनव्हीएमई पट्टी. तिघांत सर्वांत वेगवान, पण पहिल्याच प्रश्नाला नापास.

(३) अडीच इंची, २४० गिगाबाइटची सॅटा एसएसडी. चौकट घेतली की पाचही प्रश्नांना उतरते. शाळेचे काम १६० गिगाबाइटांत भागत होते. २४० पुष्कळ झाले.

तिघांत क्षमतेने सर्वांत लहान असलेली डिस्कच योग्य ठरली. पाचांपैकी चार प्रश्नांत शंभर गुण आणि एकात शून्य असेल, तर येथे सरासरी काढत नाहीत. जेथे शून्य, तेथे काम थांबले.

संगणक आयडीई पद्धतीचा असेल तर? त्या पद्धतीच्या नव्या डिस्का आता बनत नाहीत. जुन्या, वापरलेल्याच मिळतात. जोडकार्ड लावून सॅटा डिस्क चालविता येते. पण असा संगणक वीस वर्षांच्या आसपास वयाचा असणार. त्याच्यावरील मजकूर सुरक्षित काढून घ्यावा आणि वर्गणी दुसऱ्या संगणकासाठी राखावी, हेच बरे. ‘खर्च करू नका’ हेही हिशेबाचे योग्य उत्तर असू शकते.

पेचकस हाती घेण्यापूर्वी

पुढील काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

१. प्रथम सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. चार-पाच फायली तेथून उघडून पाहा. नक्कल उघडते याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. खरखरणाऱ्या डिस्कच्या बाबतीत तर आजचे काम उद्यावर ढकलू नये.

२. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करणार असाल, तर बायॉसमधील ‘आयडीई’ किंवा ‘एएचसीआय’ ही निवड आहे तशीच ठेवा. ती बदलल्यास विंडोज सुरू न होण्याचा संभव असतो.

३. संगणक बंद करून विजेची वायर काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जाईल. पॉवर सप्लायची पेटी व डिस्क मात्र कधीही उघडू नका.

४. बदल झाल्यावर जुनी डिस्क महिनाभर कुलपात ठेवा. काही राहून गेले असल्यास तेथे सापडेल.

५. त्यानंतरही ती तशीच भंगारात देऊ नका. ‘डिलीट’ केल्याने सूचीतील नोंद जाते, मजकूर राहतो. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक कोणाच्याही हाती पडू नयेत. खास प्रोग्रॅमने डिस्क पूर्ण पुसून मगच ती ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

नव्या डिस्कने जुनी कार्यप्रणाली मात्र नवी होत नाही. विंडोज ७ साठी नेहमीचे सुरक्षा-बदल जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. जुन्या संगणकासाठी लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. शिक्षकांशी बोलून त्यांचा विचार करावा.

करून पाहा

(अ) शाळेतील एका संगणकाचे पत्रक तयार करा : खरेदीचे वर्ष, मदरबोर्डचा क्रमांक, केबलचा प्रकार, डिस्कची रुंदी व क्षमता, विजेचे कनेक्टर, रॅम. हे पत्रक कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा. पुढील वर्षी तुमच्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल.

(आ) १ टेराबाइटची, म्हणजे १ लाख कोटी बाइटांची डिस्क विंडोजमध्ये किती गिगाबाइटांची दिसेल?

(इ) मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागेल?

उत्तरे : (आ) सुमारे ९३१ गिगाबाइट. (इ) सुमारे ५.६ मिलिसेकंद.